गोपिकाबाई निमजे यांच्या मृत्यूची तारीख

कृष्णकांतराव भुसारींना एक तारीख हवी होती. पूर्ण तारीख मिळाली तर उत्तम, नाहीतर महिना, आणि महिनाही नाही मिळाला तर निदान साल. उमरेडच्या गोपिकाबाई निमजे कधी वारल्या, एवढंच त्यांना शोधून काढायचं होतं. गणपतीपासून शोधत होते. दिवाळी होऊन गेली तरी बाईंच्या मरणाचा पत्ता नव्हता.

तारीख मागितली होती भैयाजी खानझोड्यांनी. भैयाजी जिल्ह्याच्या चरित्रकोशाचे संपादक. जिल्ह्यात ज्यांनी काही करून ठेवलं अशा चारशे माणसांच्या नोंदी त्या कोशात यायच्या होत्या. बारा वर्षं काम चाललं होतं, आणि भैयाजींचे नियम दोनच. नोंद फक्त दिवंगत माणसाची, आणि मृत्यूचं निदान साल कागदावर दाखवता आलं पाहिजे. जिवंत माणूस कोशात घेतला की तो घरी येऊन बसतो, असं त्यांचं म्हणणं. मला चार ओळी आणि शेजाऱ्याला सहा काहून, म्हणून विचारतो.

गोपिकाबाईंची नोंद यमुताईंनी लिहिली होती. यमुताई म्हणजे कृष्णकांतरावांच्या पत्नी. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या कोशाचं काम करायच्या. मोठमोठी नावं मोठ्या लोकांनी वाटून घेतली, तेव्हा त्यांच्या वाट्याला आल्या गोपिकाबाई. उमरेडच्या विणकर बायकांना या बाईनं लिहायला-वाचायला शिकवलं, तेही त्यांचं काम न थांबवता. बायका चरख्यावर कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरत बसायच्या. हात गुंतलेले, डोळे मोकळे. गोपिकाबाईंनी मागावर साडीच्या काठासारखी लांब पट्टी विणली, तिच्यात सगळी बाराखडी काढली आणि ती चरख्यांसमोरच्या भिंतीला टांगली. मग त्या म्हणायच्या आणि बायका कांड्या भरता भरता वाचायच्या. अशी चौदा वर्षं, १९६८ पर्यंत.

यमुताईंना हे सगळं मिळालं, फक्त मृत्यूची तारीख मिळाली नाही. उमरेडच्या एका शाळेच्या १९७४ च्या स्मरणिकेत ‘कै. गोपिकाबाई निमजे’ असं छापलेलं होतं, म्हणजे त्याआधी केव्हातरी त्या गेल्या असणार. तारीख शोधायला उमरेडला जाऊ म्हणता म्हणता यमुताई स्वतःच चैत्रात गेल्या. तीन आठवड्यांच्या आजारात.

भैयाजी भेटायला आले तेव्हा खाली मान घालून म्हणाले की तारीख नसेल तर ती नोंद वगळावी लागेल. छपाई डिसेंबरात आहे. कृष्णकांतराव ‘बरं’ म्हणाले. पण कोशात प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात येणार होतं, हे त्यांना माहीत होतं. यमूचं नाव आजवर कुठल्या पुस्तकात छापून आलं नव्हतं. यायचं तर एवढ्या एका ठिकाणी.

आता हे काम त्यांच्या हातचं नव्हतं. चौतीस वर्षं ते वीज मंडळात मीटर वाचत फिरले. मीटरवरच्या आकड्यापेक्षा लांब काही वाचलं नाही, असं ते स्वतःच सांगायचे. यमू दुपारी चहानंतर आपली नोंद मोठ्यानं वाचून दाखवायची तेव्हा त्यांना दुसऱ्याच ओळीला डुलकी लागायची. मग ती उशी फेकून मारायची.

पण दारोदार फिरायची सवय होती. त्यांनी डबा घेतला आणि ग्रंथालयात जाऊन बसले. तिथल्या वर्तमानपत्रांच्या खोलीवर अस्मिता नावाच्या बाई होत्या. त्यांनी तोंडाला बांधायला मास्क दिला आणि १९६८ पासूनची बांधीव वर्तमानपत्रं एकेक करून समोर ठेवली. कृष्णकांतराव फक्त निधनवार्ता वाचत. पहिले दोन दिवस जड गेले, आणि मग, खरं सांगायचं तर, त्यांना मजा यायला लागली. माणसं काय काय करून गेली होती. एक जण घोड्याचं दुखणं नुसतं कान पकडून ओळखायचा. एकानं साठाव्या वर्षी कन्हान नदी पोहून पार केली, आणि पलीकडे चपला नाहीत म्हणून पोहतच परत आला. एका आजीबाईंनी सहाशे लग्नं जुळवली होती आणि स्वतःच्या पुतण्याला बायको मिळवून देता आली नव्हती. दुपारी अस्मिताबाई चहा घेऊन यायच्या आणि विचारायच्या, “काका, आज कोण गेलं?” मग दोघं हसत बसायचे. घरी चैत्रापासून कोणी हसलं नव्हतं.

सहा वर्षांची वर्तमानपत्रं संपली. गोपिकाबाई त्यात नव्हत्या.

मग ते एसटीनं उमरेडला गेले. नगरपालिकेतल्या कारकुनानं मृत्यूंची रजिस्टरं काढून दिली. कृष्णकांतराव चष्मा नाकावर ठेवून दोन दिवस पानं उलटत राहिले. शेवटी कारकूनच कंटाळून म्हणाला, “काका, मेली असती तर इथं सापडली असती ना.” कृष्णकांतरावांना वाटलं, बरोबर आहे, दुसऱ्या गावी वारली असेल.

गावात शोधलं तेव्हा एका म्हाताऱ्या विणकरानं नागपूरच्या गांधीबागेतलं एक कापडाचं दुकान सांगितलं. गोपिकाबाईंच्या घरचा माल तिथं जायचा. दुकानाचे मालक ताराचंदशेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते. ते म्हणाले की बाई आपल्याला चांगल्या आठवतात, लहानपणी आपण त्यांना घाबरायचो. त्यांच्या नवऱ्याला खाणीत नोकरी लागली आणि बिऱ्हाड कन्हानला गेलं. पुढचं माहीत नाही.

कन्हान म्हटल्यावर कृष्णकांतरावांनी वीज मंडळातल्या जुन्या सहकाऱ्याला, रविंद्रला, फोन केला. तासाभरात उत्तर आलं. कन्हानला एक मीटर आहे, नाव गोपिका मारोती निमजे, बिल दर महिन्याला भरलं जातं.

दुसरा कोणी असता तर इथं उडाला असता. पण चौतीस वर्षं मीटर वाचणाऱ्या माणसाला यात काही नवल वाटलं नाही. अर्ध्या नागपूरची बिलं गेलेल्या माणसांच्या नावानं येतात. त्यांच्या स्वतःच्या घरचं बिल त्यांच्या वडिलांच्या नावानं येत होतं, आणि वडील जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. त्यांनी एवढाच अर्थ काढला की घर सापडलं, वारस सापडले, म्हणजे तारीख सापडल्यात जमा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसनं कन्हानला पोचले. अंगणात पन्नाशीची एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. गोपिकाबाईंची सून, कामिनी. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. कृष्णकांतरावांनी अशा वेळी लावायचा तो आवाज लावला आणि कोशाची सगळी हकीकत सांगून म्हणाले की त्रास देतो, पण सासूबाईंच्या मृत्यूची तारीख तेवढी हवी होती. जुना दाखला असला तर फारच चांगलं.

कामिनीनं हातातली शेंग खाली ठेवली. त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मान वळवून घरात आवाज दिला.

“आई, एक काका आले हायेत. तुमच्या मरणाची तारीख इचारून राहिले.”

आतून खणखणीत आवाज आला. “पेन्शनवाला असन वं. त्याले म्हण, हयातीचा दाखला मागच्याच हप्त्यात देल्ला. जिती हाये अजून.”

आणि पाठोपाठ गोपिकाबाई निमजे स्वतः दारात येऊन उभ्या राहिल्या. लहानखुऱ्या, ताठ, हातात काठी, पण टेकायला नाही, दाखवायला. काठीचं टोक त्यांनी कृष्णकांतरावांकडे केलं.

“काहून गा? कोणत्या ऑफिसातला तू?”

कृष्णकांतराव उभे राहिले. तीन महिने ज्या बाईला ते मेलेल्यांच्या यादीत शोधत होते ती त्र्याण्णव वर्षांची होऊन समोर उभी होती. आणि मग त्यांना हसू आलं. आधी गालात, मग पोटातून, मग असं की खुर्ची धरावी लागली. कामिनीही हसायला लागली. गोपिकाबाई दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या आणि म्हणाल्या की एवढं काय झालं, मेली असती तर रडले असते का एवढे?

मग सगळं बोलणं झालं. ‘कै.’ कुठून आलं, तेही कळलं. शाळेच्या चिटणीसाशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. बायकांच्या वर्गासाठी त्यानं खोली द्यायला नकार दिला, म्हणून बाईंनी भर सभेत त्याला चार शब्द सुनावले, आणि नवऱ्याला खाणीत नोकरी लागली तसं गाव सोडलं. त्यानं त्याचा राग स्मरणिकेत काढला. बाईंना ते छापल्यावर वर्षानं समजलं. त्यांनी दुरुस्त करायला सांगितलं नाही. म्हणाल्या, “मेल्यावर लय बरं रायते गा. कोणी सत्काराले बलावत नाई, कोणी भाषण कर म्हणत नाई.”

मग त्यांनी विचारलं की माझ्याबद्दल लिहिलं तरी काय हाये. वाच.

कृष्णकांतरावांनी पिशवीतून यमूची पानं काढली आणि वाचायला लागले. ओळीओळीला बाईंचं चाललं होतं. तीनशे बायका नाही, दोनशे ऐंशी. वीस जणी नुसत्या चहासाठी यायच्या. पट्टी लाल नव्हती, हिरवी होती. ‘स्वभावाने शांत’ हे आलं तेव्हा कामिनीला असा ठसका लागला की तिला पाणी प्यावं लागलं. पण पुढची ओळ होती, ‘शिकवताना त्या कधी बसत नसत, बायकांचे हात थांबत नाहीत तोवर आपण बसायचे नाही, असा त्यांचा नेम होता.’ तिथं गोपिकाबाईंनी काठी आडवी मांडीवर ठेवली.

“हे मी कोणाले सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “हे तिले कसं समजलं?”

कृष्णकांतरावांना ठाऊक नव्हतं. कोणा म्हाताऱ्या विद्यार्थिनीनं पाहिलं असेल आणि यमूनं तिला बोलतं केलं असेल. यमूनं हे वाक्य त्यांना नक्की वाचून दाखवलं होतं, आणि ते तेव्हा झोपले होते. आज पहिल्यांदा ऐकलं. चांगलं वाक्य होतं.

बाईंनी विचारलं की ही यमुना भुसारी कुठं हाये, तिला का नाही आणलं. त्यांनी सांगितलं. बाईंनी मान हलवली, कामिनीला चहा टाकायला लावला आणि पुस्तक केव्हा निघणार ते विचारलं. तेव्हा कृष्णकांतरावांना कोशाचा नियम सांगावा लागला. तुम्ही आहात, म्हणजे ही नोंद छापता येणार नाही.

गोपिकाबाईंना ते फारच बावळटपणाचं वाटलं. “मंग टाक ना एखादी तारीख,” त्या म्हणाल्या. “पन्नास वर्षं झाली मले मरून. आणखी एका पुस्तकात मेली तं का बिघडलं? तुह्या बायकोचं नाव तं छापून येईन.”

स्मरणिकेचा कागद पिशवीतच होता. १९७३ असं साल लिहून त्याखाली सुनेची सही घेतली असती, तर भैयाजींनी डोळे मिटून घेतलं असतं. बाईंची हरकत नव्हती. कोणाला कळलंही नसतं. कृष्णकांतरावांनी चहाची बशी खाली ठेवली.

“नाही बाई,” ते म्हणाले. “यंदा एकीची तारीख लिहिली या हातानं, महापालिकेच्या फॉर्मवर. तेवढी पुरे. तुमची नाही लिहीत.”

तिथूनच त्यांनी भैयाजींना फोन लावला. नोंद वगळा म्हणाले, बाई जिवंत आहेत, समोर बसून चहा पिऊन राहिल्या. भैयाजी हळूच म्हणाले की वाईट वाटलं, यमुताईंचं नाव यायला पाहिजे होतं. कृष्णकांतराव म्हणाले की वाईट वाटण्यासारखं काही नाही, माणूस सापडलं आहे, आणि तेही असं की तुम्ही समोर आलात तर तुम्हालाही उभं राहून बाराखडी म्हणायला लावेल.

फोन ठेवला तोवर अंगण भरायला लागलं होतं. कामिनीनं शेजारी सांगितलं होतं की आईबद्दल लिहून आणलं आहे. बायका पदर सावरत येऊन बसल्या, पाच-सहा जणी चटईवर, दोघी पायरीवर, बाकीच्या कुंपणाला धरून उभ्या. गोपिकाबाई मधोमध खुर्चीत बसल्या आणि काठीनं पानांकडे खूण केली.

कृष्णकांतराव पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. आता दोनशे ऐंशी आणि हिरवी पट्टी. ‘स्वभावाने शांत’ मात्र त्यांनी तसंच ठेवलं, आणि सगळं अंगण हसलं. शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी खालचं नावही वाचलं. यमुना कृष्णकांत भुसारी.

“कोणी लिहिलं ते पुन्हा सांग गा,” गोपिकाबाई म्हणाल्या. “कुंपणाजवळच्या बायकांले ऐकू नाई गेलं.”

कृष्णकांतरावांनी घसा साफ केला आणि नाव पुन्हा वाचलं, मोठ्यानं, कुंपणापलीकडे जाईल असं.