चांगल्या जंतूंचे आठ आठवडे

थोरलीचं पोट धड साफ होत नव्हतं, याला आता नऊ वर्षं झाली होती. शर्टांच्या कारखान्यात ती कॉलर बसवायची आणि तिथली सगळ्यात जुनी म्हणून सगळ्या तिला थोरली म्हणत. चार-चार दिवस कोठा जाम. सकाळी तासभर बसून हाती काय, तर घाम आणि डोळ्यांत पाणी. चूर्णं झाली, काढे झाले, नवऱ्याची टिंगलही झाली: "अगं, आत भाडेकरू ठेवलेस की काय? निघायचं नाव घेत नाहीत!" शेवटी मूळव्याध इतकी वाढली की दवाखान्यात स्पष्टच सांगितलं, उतार पडला नाही तर ऑपरेशन आणि महिनाभर घरी. महिनाभर घरी बसलेल्या बाईची मशीन दुसरीला देतात. थोरलीला घोर लागला तो मशीनचा.

आता कारखान्याची रीत ऐका. बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली सुपरवायझरच्या खिशात, कामाच्या पाळीत दोनदा मिळायची, तीही त्याच्या वेळेला. पोट काय घड्याळ बघून कळ देतं? कळ दहाला यायची, किल्ली साडेबाराला. तोवर कळ बिचारी कंटाळून निघून जायची. नको ती कटकट म्हणून बायका पाणीच पीत नसत. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटेनासं झालं होतं. थोरलीलाही नाही.

मालकाच्या मेहुण्याचा चांगल्या जंतूंच्या पुड्यांचा धंदा होता. कारखान्यातल्या बायकांवर त्या पुड्यांची परीक्षा घ्यायला एक तरुण डॉक्टरीणबाई आली.

"आतड्यात चांगले जंतू कमी झाले की पोट रुसतं," ती म्हणाली. "निम्म्या जणींना जंतूंची पुडी, निम्म्या जणींना साधी, औषध नसलेली. कुणाला कुठली, ते शेवटपर्यंत मलाही कळणार नाही."

बाई कामाला चोख. शौचाचा नमुना ताजा हवा, होईल तेव्हा लगेच डबीत आणि तासाभरात फ्रिजमध्ये. म्हणून तिने संडासाचं कुलूप काढायला लावलं. आठ आठवडे दार उघडं. कळ आली की उठायचं, सुपरवायझरने दात-ओठ खात बघायचं.

तिसऱ्या आठवड्यात थोरलीचं पोट एक दिवसाआड साफ व्हायला लागलं, सहाव्यात रोज! रक्त थांबलं. ती पाणी प्यायला लागली, जेवायला लागली, मशीनवर बसून गुणगुणायला लागली. पुडी घेताना हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते.

मग निकाल आला.

"तुमची पुडी साधी होती, मावशी," डॉक्टरीणबाई हिरमुसून म्हणाली. "दोन्हीकडच्या बायकांना सारखाच गुण आला. म्हणजे जंतूंनी काही केलंच नाही."

थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अहो बाई, आठ आठवडे दार उघडं होतं ना!"

डॉक्टरीणबाईचा चेहरा पडला. "ते आमच्या फॉर्ममध्ये नव्हतं हो," ती पुटपुटली. मग थोरलीचा हात धरून म्हणाली, "पण मी लिहिते. नक्की लिहिते."

दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. महिन्याभरात थोरली पुन्हा जिथल्या तिथे, रक्तासकट. ऑपरेशनची तारीख घेऊन तिने रजेचा अर्ज सुपरवायझरपुढे ठेवला. अर्ज बाजूला सारून त्याने खणातून पुड्यांच्या परीक्षेचा अहवाल काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"वाचा."

साध्या पुडीनेही आराम पडला, असं तिथे लिहिलं होतं. सबब कामगार स्त्रियांची ही तक्रार मुख्यतः मानसिक आहे.

"मनाच्या दुखण्याला रजा नसते, बाई. गेलात तर मशीन गेली."

"आणि रक्त? तेही मनातूनच येतं का?" थोरली कडाडली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने अहवाल हिसकून घेतला आणि पानं उलटली. दाराचं नाव नाही, कुलपाचं नाव नाही. खाली सही होती डॉक्टरीणबाईचीच.

थोरलीने अर्ज परत घेतला. ऑपरेशनची तारीख शुक्रवारची होती. शुक्रवारी ती बुडाखाली कापडाची जाड घडी घेऊन दिवसभर कॉलर बसवत होती.