बदकाची पोथी

मित्रांनो, माझ्या पोटाला अजूनही मासळीचा वास येतो, आणि त्याच पोटात आता पुस्तकं राहतात. मी लाओस देशातल्या नाम ऊ नदीवरची जुनी होडी. एका कोळ्याने मला घडवलं, बरीच वर्षं जाळी वाहायला लावली आणि हात थकल्यावर जिल्ह्याच्या वाचनालयाला देऊन टाकलं. तेव्हा मी मनातून फार खट्टू झाले होते. मासे निदान तडफडतात तरी, कागदाच्या गठ्ठ्यांची कसली सोबत!

पण ग्रंथपाल मानिवोनताई आल्या आणि माझं नशीब फळफळलं. पत्र्याच्या पेटीत पुस्तकं भरायची, शेजारी चिकट भाताची टोपली ठेवायची आणि रस्ता नसलेली गावं गाठायची, हे त्यांचं काम. काठावर पोरं जमली की मला बांधायच्या आधीच त्या गोष्ट सुरू करत. मी वाहत जाऊ लागले की पोरंच मला धरून ठेवत.

अशाच एका गावात चानसुक राहत होती. तिसरीत होती, पण वाचताना जागोजागी अडायची. सुगीनंतरच्या परीक्षेत ती नापास झाली, तर तिची शाळा बंद करायची, असं तिच्या खामफेटआजीने ठरवलं होतं. "मागावर बसवली म्हणजे सुटली," आजी म्हणायची. चानसुकला मात्र शाळा जिवापाड हवी होती. ताईंनी तिला सोपी पुस्तकं निवडून दिली, घरी ठेवून घे म्हणाल्या.

पुढच्या फेरीला पोरगी काठावर आली ती मान खाली घालूनच.

"एकही वाचलं नाहीस?" ताईंनी विचारलं.

तिने नुसतं घराकडे बोट दाखवलं. खांबांवरचं ते घर माझ्या डोक्यावरच होतं, ओसरीतलं सगळं मला दिसत होतं. पुस्तकं बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या उंच फळीवर होती, लाल रेशमात गुंडाळलेली, वर झेंडूची फुलं.

"धुळीचा कण बसू दिला नाही हो," आजी वर आलेल्या ताईंना कौतुकाने सांगत होती. "तिकडे पाय करून कुणाला झोपूसुद्धा देत नाही. पोथ्या त्या, पोरांच्या चिकट हातात द्यायच्या का?"

मला हसू आलं. ताई हसल्या नाहीत. नमस्कार करून त्या फळीखाली बसल्या.

"आजी, विहारात तुम्ही पोथी बघायला जाता की ऐकायला?"

"ऐकायला. नुसती बघून कुठलं आलंय पुण्य?"

"मग ह्या तुम्हाला कोण ऐकवणार?"

आजी विचारात पडली. "माझ्या घरात भिक्षू कुठून आणू?"

"नात आहे की."

"ही? अहो, ही दोन ओळींत धापा टाकते."

"टाकू दे. तुम्ही बसा ऐकायला."

आजीने खांद्यावर विहारात जायचं उपरणं घेतलं, हात जोडले आणि डोळे मिटले. चानसुकने पुस्तक उघडलं. ती एका खादाड बदकाची गोष्ट होती. बदक चिखलात रुतलं आणि पोरगीही अडली.

"थांबू नकोस," आजी डोळे न उघडता म्हणाली. "पुण्य अर्धंच राहील माझं."

त्या दिवसापासून आजीला रोज पुण्य हवं झालं. पोरीने टंगळमंगळ केली की म्हातारी जेवायला वाढत नसे. ताई दर फेरीला थोडं अवघड पुस्तक देत आणि मी ते वाहून नेई. सुगी झाली, परीक्षा झाली, चानसुक पास झाली. आजीने ताईंच्या मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला, मग खाली उतरून माझ्या नाकालाही बांधला. जाळी वाहताना मला कुणी असं विचारलं नव्हतं. मला भरून आलं.

पुढे माझ्या फळ्या कुजल्या, नवी होडी आली. लोक मला सरपणाला फोडणार होते. आजी काठी टेकत आली. "हिला माझ्या घराखाली ठेवा," म्हणाली, "आणि पुस्तकं हिच्यातच राहू देत. रांगणाऱ्या पोराचाही हात पोचला पाहिजे."

तेव्हापासून मी इथे आहे. पोरं चिकट हातांनी माझ्या पोटात उचकतात, कोळ्याचे, ताईंचे, आजीचे उपकार मला रोज आठवतात. मित्रांनो, पुस्तकं जपा, पण उघडून जपा. तुमच्या घरातल्या सगळ्यात उंच फळीवर काय ठेवलंय, ते आज खाली काढा. वाचताना अडलात तरी चालेल. आजी अजूनही बदकाच्या गोष्टीला हात जोडूनच बसते.