टोपीवाला साक्षीदार

मातीला वजन कावडीवर असतं, फांगात नसतं, असं शिंग आईलियनचं मत होतं. एक फांग म्हणजे मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल खड्ड्यातली माती. मोजणीदार ती एका रेघेत लिहीत. बांधावर चढवायला वीस कावडी लागत.

चीनमधल्या ह्वाई नदीच्या नव्या कालव्यावर तिच्या तुकडीतल्या पंधरा बायकांनी ठरलेले फांग सकाळीच पुरे केले होते. मोजणी झाली की सुट्टी. वसंताचा सण तीन दिवसांवर, गाव दोन दिवसांच्या चालीवर.

खड्ड्यात मधोमध त्यांनी रिवाजाप्रमाणे एक खांब न खणता ठेवला होता, माथ्यावरच्या वाळक्या बोरूसकट. मूळ जमीन किती उंच होती, याचा तो साक्षीदार. त्याची उंची तीच खड्ड्याची खोली.

मोजणीदार पांग त्याच्याभोवती तीनदा फिरला. "वहिनी, याला टोपी घातलीय."

शेजारच्या तुकडीने आदल्या आठवड्यात खांबावर माती थापून त्याला उंच केलं होतं. तेव्हापासून पांगला सगळीकडे टोप्याच दिसत.

"हातभर कमी धरतो. अंदाजे."

"अंदाजे हातभर म्हणजे पंचेचाळीस फांग. तीन दिवसांचं काम."

"देशकार्यात तीन दिवस काय घेऊन बसलात? खांब पाडा, मग बोलू."

आईलियन खांबाला पाठ लावून उभी राहिली. "मोजल्याशिवाय साक्षीदार पाडायचा नाही. नियम तुम्हीच वाचलात, कर्ण्यावरून. दोनदा."

"मग मी टोपी कशी बघू?"

"उभा कापते. अर्धा पडेल, अर्धा साक्षीला राहील."

बायकांकडे न बघताच तिने फावडं मागितलं. अर्धा खांब कोसळला. उरलेल्याच्या पोटात बोटभर जाडीचं पांढरं बोरूचं मूळ दिसलं, माथ्यापासून कमरेपर्यंत सलग.

"रात्रीत थापलेल्या मातीत एवढं मूळ उतरतं का हो, कॉम्रेड?"

पांगने मूळ ओढून पाहिलं. मूळ आलं नाही, हातमोजा निघाला. त्याने तो झटकला, घातला आणि पूर्ण आकडा लिहिला. आईलियनने वहीत डोकावून तो वाचला. वाचता येतं हे तिने आजवर त्याला सांगितलं नव्हतं.

बायका कावडी खांद्यावर घेऊ लागल्या.

"अहो, उरलेला खांब काढून जा," पांग म्हणाला.

"किती माती असेल?"

"अंदाजे दहा कावडी."

"अंदाजेच असेल तर तुम्हाला एकट्याला जमेल," आईलियन म्हणाली, आणि गावाच्या वाटेला लागली.