पलीकडचे नंबर

विदादने बटण दाबलं आणि पडद्यावरची नावं एकामागून एक लाल होत गेली. शेजारी उभ्या असलेल्या शेदलियाने चष्मा नाकावर घट्ट बसवला. माहदिया या बंदराच्या गावातल्या या वाचनालयात तिची सगळी नोकरी झाली होती. त्या लाल नावांपैकी जवळजवळ प्रत्येकाला ती चेहऱ्याने ओळखत होती.

"म्हणजे हे सगळे बाद?"

"माणसं नाहीत, मादाम शेदलिया. त्यांचे नंबर," विदाद म्हणाली. "सोमवारपासून मेसेज हे यंत्रच पाठवणार. ज्या नंबरवर मेसेज पोचूच शकत नाही, तो आत्ताच दुरुस्त करायचा. नाहीतर खातं बंद पडेल."

"छान. तू बटण दाबायचं आणि शिव्या मी खायच्या."

आतापर्यंत पुस्तकं परत करायची आठवण शेदलिया स्वतःच्या फोनवरून पाठवत असे. शुक्रवारी चहाचा पेला शेजारी ठेवून, ज्यांच्याकडे पुस्तकं रखडलीत त्यांना एकेक मेसेज. त्यामुळे राजधानीतून ही मुलगी पिशवीत संगणक घालून आली, तेव्हा शेदलियाने तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि मनात ठरवून टाकलं की हिला संध्याकाळच्या गाडीची घाई असणार.

पण विदादला घाई नव्हती. ती प्रत्येक लाल नाव उघडून बघत होती.

"हा सातने सुरू होतो. घरातला फोन. यावर मेसेज जाणार नाही, पण चुकीचा नाही. याला फोन करायचा. आणि हे मनूर कोण? यांच्या नंबरात एक आकडा कमी आहे."

"निवृत्त मास्तर. गणित शिकवायचे."

"मग चुकून नाही राहिलेला."

शेदलियाला हसू फुटलं. मनूर मास्तरांकडे पुस्तकं वर्षानुवर्षं पाहुणचार घेत, हे या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं.

एखाद्या नंबराची शंका आली की विदाद स्वतःच्या फोनवरून एक रिंग देऊन ठेवून द्यायची. नंबर खरा असेल तर माणूस उलट फोन करायचा. तो "कोण" म्हणाला, की ती आधी माफी मागायची, मग वाचनालयाचं नाव सांगायची आणि शेवटी विचारायची, सध्या काय वाचताय? शेदलियाने तिच्यापुढे ठेवलेला हरीसाची तिखट चटणी आणि टूना मासा भरलेला पाव तसाच वाळत राहिला. कामात एवढं बुडालेलं माणूस शेदलियाने फार दिवसांनी बघितलं होतं. ती मुकाट्याने उठली आणि विदादच्या पेल्यात ताजा पुदिना घालून आली.

दुपारनंतर विदाद थबकली.

"हे काय आहे? इतके लांब नंबर? सगळे एकोणचाळीसने सुरू होतात."

"माझारा," शेदलिया म्हणाली. "समुद्रापलीकडे. इटली."

"पण सभासद इथले आहेत."

"सभासद इथले, बाप तिथले. बोटींवर. इथे घराचा नंबर विचारला ना, की लोक पलीकडचाच देतात. शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे. घरातल्या फोनमध्ये पैसे असतील-नसतील, बापाचा नंबर कधी बंद नसतो."

विदादने कपाळ चोळलं. "नियम आहे, आठ आकडे. त्याहून लांब असेल तर चूक."

"मग तुझ्या नियमाला एकदा आमच्या बंदरावर फिरवून आण."

तेवढ्यात सिरीन आत आली. पाचवीतली मुलगी, आजीच्या हाताची घट्ट वेणी, छातीशी पुस्तक धरलेलं. शेदलियाने तारीख बघितली आणि सवयीने जीभ टाळ्याला लावली.

"पुन्हा उशीर. एवढंसं पुस्तक, पोरी. गोगलगाय वाचते का तुझ्याऐवजी?"

सिरीन चपलांकडे बघत राहिली. "सॉरी मावशी."

शेदलियाने तिचं दुसरं पुस्तक नोंदवायला घेतलं. पडद्यावर लाल चौकट आली. विदादने मान वळवून नोंदीतलं आजीचं नाव वाचलं आणि मवाळ आवाजात म्हणाली, "आजीचा नंबर देतेस का? हा चालत नाहीये."

"चालतो," सिरीन म्हणाली. "बाबांचा आहे."

"हो गं. पण मेसेज फक्त पुस्तक परत करण्याबद्दल असतो. तो आजीकडे गेला तरी..."

"आजीकडे नको." तिने पुस्तक पुन्हा छातीशी धरलं. "बोट किनाऱ्याजवळ आली की बाबांना मेसेज येतो. मग ते फोन करतात, कुठलं पुस्तक गं, म्हणून. मग मी गोष्ट सांगते." ती थांबली. "नाहीतर ते नुसतं विचारतात, जेवलीस का, शाळा बरी आहे ना. मी हो म्हणते. मग संपतं."

शेदलियाला आठवलं, शुक्रवारी या नंबरवर मेसेज टाकताना तिने मनात कितीदा या पोरीच्या आळशीपणाला नावं ठेवली होती.

विदादने फोन उचलला आणि राजधानीतल्या साहेबांना लावला. पलीकडचं शेदलियाला ऐकू येत नव्हतं. पण विदाद काय म्हणाली ते येत होतं.

"नाही सर, चुकीचे नाहीत, मी तपासलेत... परदेशी कसले? माहदियाचेच आहेत, फक्त राहतात लांब... महाग पडतील, मान्य. पण हे बंद केले तर अर्ध्या गावाला आठवण कुणी करायची? मादाम शेदलियांनी स्वतःच्या फोनवरून? इतकी वर्षं त्याच करतायत. त्याचं बिल कुणी दिलं, विचारू का?"

मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. शेवटी "चालेल सर, जबाबदारी माझी," म्हणून तिने फोन खाली ठेवला, बाह्या सारल्या आणि नियम नव्याने लिहायला बसली. एकोणचाळीस असेल तर पुढे किती आकडे, त्यातला मोबाइल कुठला, घरचा कुठला. गव्हाची रोटी शेकावी तसं ती एकेक ओळ उलटून पालटून बघत होती. सिरीन टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी होती. हळूहळू लाल नावं काळी होत गेली.

"आता चाचणी," विदाद म्हणाली. "एक मेसेज पाठवून बघायचा. इथे 'चाचणी' असं लिहायची पद्धत आहे." तिची बोटं थांबली. "बोटीवर असताना घरून असा मेसेज आला तर माणूस घाबरेल, कसली चाचणी, कोण आजारी म्हणून. नाही का?"

तिने लिहिलेलं खोडलं. सिरीनच्या हातातल्या पुस्तकाचं नाव वाचलं आणि लिहिलं: *सिरीनने आज 'खोल पाण्यातला दिवा' हे पुस्तक नेलं.*

पाठवलं. थोडा वेळ पडद्याकडे बघत बसली. मग आणखी काही ओळी लिहिल्या आणि शेदलियाकडे वळली.

"हे असंच राहू दे का? परत करायच्या वेळी जातो तसा नेताना पण एक मेसेज?"

"मला काय विचारतेस? यंत्र तुझं."

"वाचनालय तुमचं आहे, मादाम."

शेदलियाने वाळलेला पाव बाजूला केला आणि डब्यातला नवा पुढे ठेवला. "आधी खा. आणि गाडी उद्याची धर. माझ्याकडे झोपायला जागा आहे."

दुसऱ्या दिवशी विदाद निघायच्या तयारीत होती, तारा गुंडाळून पिशवीत घालत होती, तेव्हा दार ढकलून सिरीन आत आली. धावत आली असावी. वेणी सुटायला आली होती. तिने 'खोल पाण्यातला दिवा' टेबलावर ठेवलं.

शेदलियाने चष्म्यावरून बघितलं. "काय गं, आवडलं नाही?"

"वाचून झालं."

"एका दिवसात?"

"माझं नेहमी एका दिवसातच होतं." मुलगी पडद्याकडे बघत होती, शेदलियाकडे नाही. "काल बाबांचा फोन आला. आता दुसरं नेलं की लगेच मेसेज जाईल ना, मावशी? उशीर करायला नको ना?"

विदादच्या हातातली तार अर्धीच गुंडाळलेली राहिली.

शेदलियाने पुस्तक जमा करून घेतलं. शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. मग मान खिडकीखालच्या कपाटाकडे केली.

"पातळ पुस्तकं तिकडे आहेत," ती म्हणाली.