माशी बांधायची हत्यारं

जेननं गळ कपड्यांच्या चिमट्यात धरला, रेशमाचा दुसरा वेढा दिला आणि चिमटा निसटून टेबलाखाली गेला.

“तुझी हत्यारं म्हणजे भातुकली, बाय,” दाराशी लोखंडावर कानस घासत बसलेले पापा म्हणाले.

खोटं नव्हतं ते. एक चिमटा, तो आवळायला रबर, पीस धरायला आईची केसांची पिन, रेशीम ओवायला शाईच्या झरणीची रिकामी नळी. एवढ्यावर जेन गळाला कोंबड्याची पिसं बांधून अशी खोटी माशी करायची, की काश्मिरातल्या ट्राउट माशानं झडप घालावी. फोर्टातल्या गळ-दोऱ्यांच्या दुकानातून साहेबलोक त्या हौसेनं नेत. ते दुकान मात्र तिनं पाहिलंच नव्हतं. माल पोचवायचे पापा, नवं काम आणायचे पापा. आई गेल्यापासून जेन खोताच्या वाडीबाहेर पडायची ती रविवारी चर्चमध्ये मिस्सासाठी, तीही पापांच्या शेजारून.

आता दुकानदारानं शेजारच्या कॉनरॅडकडून निरोप धाडला होता. दुकानातच बसून माश्या बांध, सोमवारी सकाळी ये, नाहीतर दुसरं माणूस बघतो. त्याच संध्याकाळी ‘मुंबई आमची’ म्हणणाऱ्यांवर गिरगावात गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, आणि पापांना नाही म्हणायचे कष्टही पडले नाहीत. सरकारनंच परस्पर दाराला कडी घातली.

पापा रेल्वेच्या वर्कशॉपातले जुने फिटर. कर्फ्यूभर त्यांची कानस चालली होती. त्या करकरीनं जेनला जीव नकोसा झाला. रविवारी दुपारी त्यांनी तिला हाताला धरून खिडकीपाशी नेलं.

आईच्या लग्नातल्या सागवानी टेबलाच्या कडेला गळ पकडायचा छोटा वाइस बसवलेला होता. जुन्या पलंगाच्या लोखंडातून घडवलेला, टोकाला निमुळता. जेननं त्यात गळ धरून स्क्रू आवळला. गळ तसूभर हलला नाही. तिनं बांधलेली माशी आजवरची सगळ्यांत देखणी निघाली.

“पापा, काय सुंदर केलंय!” तिला खरंच आनंद झाला होता.

“बघ! आता दुकान कशाला? घरीच कर सगळं.”

तिनं टेबलाखाली हात घातला. बोल्ट लाकडातून आरपार गेले होते, आणि नट सुटू नयेत म्हणून त्यांची टोकं ठोकून चपटी केली होती. ते टेबल चार माणसांशिवाय जागचं हलत नसे.

“हे निघत नाही?”

“कशाला निघायला पाहिजे?”

सोमवारी सकाळी कर्फ्यू उठला. जेननं चिमटा, रबर आणि नळी रुमालात बांधली. पापा पाठमोरे उभे राहून वाइसला तेल देत होते.

“पाव आणायला चाललीस?”

“नाही, पापा.”

ती दारापाशी गेली, कडी काढली.

“थांब.”

तिचा हात कडीवरच राहिला. आता काहीतरी कारण निघणार, आणि आपण ते ऐकणार, हे तिला ठाऊक होतं. पापा जवळ आले. त्यांच्या तेलकट बोटांत आईची पिन होती.

“ही टेबलावर राहिली. पीस कशानं धरशील?”

जेननं पिनेचं दुसरं टोक धरलं. पापांना ती सोडायला जरा वेळ लागला.