थोरलीचा मान

गंगाखेडात गुरुपादअप्पा कॅमेरा घेऊन कुणाच्या दारात उभे राहिले, की घरातले लोक आधी आपल्या म्हाताऱ्याकडे बघत आणि मग कॅलेंडरकडे. अप्पांचा हेतू वाईट नव्हता. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक समाजकार्य हाती घेतलं होतं : गावातल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाचा एक नीट फोटो काढून ठेवायचा. फुकट. कारण माणूस गेला की लोक ऐन वेळी लग्नातल्या घोळक्यातून त्याचं डोकं कापून फ्लेक्सवर लावतात, आणि श्रद्धांजली वाहताना मयताच्या खांद्यावर भलत्याच कुणाचा तरी हात दिसतो.

अकरा वर्षांत चारशेवर माणसं झाली. त्यातली निम्मी गेली. वयं बघता यात नवल काही नव्हतं. पण गावाला नवल लागतं.

सगळ्यांत ठाम मत बायकोचं होतं. "तुमी फोटू काढला की माणूस जातंय," नीलम्मा म्हणायची, "मला न्हाई काढायचा." नातवंडांच्या मोबाइलमध्ये ती होती, पण कुठे पाठमोरी, कुठे पदराआड, कुठे नुसता हात आणि हातात उलथनं. मागच्या वर्षीच्या कार्तिकात मात्र ती आपणहून दारातल्या खुर्चीवर येऊन बसली. परभणीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून दाखवल्याला तेव्हा चार दिवस झाले होते. "काढा एकदाचा," म्हणाली. अप्पांनी एकच फोटो काढला. पौषात ती लिंगैक्य झाली. गाव म्हणालं, बघा.

आता वर्ष होत आलं. गुरुवारी पहिला स्मरणदिन. दुसऱ्यांच्या मयताचे फोटो तासाभरात देणाऱ्या अप्पांना घरचा फोटो वर्षभर उघडवला नव्हता. शेवटी पुण्याहून मुलीचा, वैजयंतीचा, फोन आला : "अप्पा, आईचा फोटो भिंतीवर पाहिजे. न्हाई तर मी पूजेला बसणार न्हाई." फ्रेमवाला परमेश्वर म्हणाला, सोमवारी फोटो द्या, बुधवारी फ्रेम घ्या. रविवारी सकाळी अप्पांनी कॉम्प्युटर सुरू केला, आणि तो सुरू झाला नाही.

त्या कॉम्प्युटरात एकसारख्या दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही, आरशासारखं. एक मेली तरी दुसरी असतेच. ही जोडणी सिद्धोधन सरांनी करून दिली होती. सर आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले. अप्पांनी डिस्कना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली, आणि फोटो दोन ठिकाणी आहेत म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड दर वेळी निर्धास्तपणे पुसू लागले.

आज काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत 'डिग्रेडेड' एवढंच होतं. शब्द ओळखीचा होता. सव्वा वर्षापासून तो रोज यायचा, एक बटण दाबलं की जायचा. अप्पांनी शब्दकोशात अर्थही पाहिला होता : दर्जा खालावलेला. निवृत्तीनंतर सगळ्यांचंच होतं, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. आज मात्र बटण दाबूनही शब्द जाईना.

सर सेलूला लेकीकडे गेले होते. अप्पांनी फोन लावला.

"जयभीम, सर."

"शरणार्थ, अप्पा. कोण गेलं?"

"कुणी न्हाई हो. कॉम्प्युटर."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे एक डिस्क सव्वा वर्षापासून बाहेर हाय, आन् तुमी मला आज सांगायलात?"

"शब्द रोज जात होता ना."

"गोळीनं ताप उतरला म्हणून दुखणं जातंय का? ऐका. मी मंगळवारी नवी डिस्क घेऊन येतो. जी आजवर चालू होती, तिची आधी नक्कल करू. बाकीचं मग. तवर कशाला हात लावू नका. काही दाबू नका. बंद करा आन् उठा तिथून."

"परमेश्वर सोमवारी फोटो मागायलाय."

"त्याला म्हणावं, थांब."

अप्पा उठले. ओट्यावर जाऊन बसले. तासाभरानं पेचकस घेऊन परत आले. उघडून बघणं म्हणजे काही हात लावणं नव्हे, असं त्यांनी ओट्यावर ठरवलं होतं.

डबा उघडला. आत धूळ होती, आणि थोरलीच्या मागची केबल निसटून लोंबत होती. थोरलीच्या अंगावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे होते. अप्पांना एकदम आठवलं. सव्वा वर्षामागची खंडेनवमी. विळी, कुदळ, कॅमेरा, सगळ्यांना भस्म लावून झालं होतं, आणि कॉम्प्युटरच्या नुसत्या पत्र्याला लावणं त्यांना ढोंग वाटलं होतं. राबणार कोण आणि मान कुणाला? म्हणून डबा उघडून त्यांनी खऱ्या राबणाऱ्या दोघींची पूजा केली. आधी थोरलीची, सावकाश, बोटं दाबून. मग धाकटीला घाईत एक ठिपका. म्हणजे थोरली आजारी नव्हतीच. मान घेता घेता तिचा हात सुटला होता.

वर्षभरात अप्पांना एवढा आनंद झाला नव्हता. त्यांनी केबल नीट बसवली आणि बटण दाबलं. या खेपेला पडद्यानं इंग्रजीत एक सवाल केला. अप्पांनी तो तीनदा वाचला. दोघी भेटल्या आहेत. दोघींचं म्हणणं जुळत नाही. कुणाचं खरं धरून दुसरीवर उतरवायचं?

थोरल्या जावेला विचारल्याशिवाय धाकटीनं चूल पेटवायची नाही, अशा घरात अप्पा वाढले होते. आणि इथं तर थोरली ठणठणीत होती, धाकटी आतून कटकट आवाज करत कण्हत होती. सवाल अवघड नव्हता. खाली बारीक अक्षरांत धमकी होती की दुसरीवरचं सगळं पुसलं जाईल. अशी धमकी प्रत्येक फॉर्मखाली असते. तिला भिऊन वागायचं म्हटलं तर माणसाला रेशन मिळणार नाही. अप्पांनी थोरली निवडली.

एक टक्का. दोन टक्के. अप्पांनी चौदा टक्क्यांवर आंघोळ केली आणि एकोणचाळिसावर भाकरी खाल्ली. साठ झाल्यावर परमेश्वराला फोन केला, "उद्या सकाळी फोटो देतो." तीनच्या सुमारास शंभर झाले. कॉम्प्युटर कधी नव्हे इतक्या तडफेनं सुरू झाला. लाल अक्षरं नव्हती.

अप्पांनी फोटोंचं कपाट उघडलं. सगळ्यांत शेवटी भगवानराव होते, मिशा कोरून, कॉलर ताठ करून बसलेले. तारीख खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची. त्याच्यापुढे काही नव्हतं.

त्यांनी खाली सरकवून पाहिलं. बंद करून पुन्हा उघडलं. शोधायच्या चौकटीत 'नीलम्मा' लिहिलं, मग तेच इंग्रजीत लिहिलं. मग हात मांडीवर ठेवून बसले. त्यांना सगळं समजलं होतं, आणि ते समजावून सांगायला कुणाला यावं लागलं नाही. थोरली सव्वा वर्ष घराबाहेर होती. तिला तो कार्तिक माहीतच नव्हता. जे पाहिलं ते एकट्या धाकटीनं पाहिलं होतं, आणि अप्पांनी धाकटीला थोरलीचं ऐकायला लावलं होतं.

मंगळवारी सर नवी डिस्क घेऊन आलेच. दिवसभर खटपट केली. संध्याकाळी चष्मा काढून म्हणाले, "नुसतं पुसलेलं परत काढता येतंय, अप्पा. ह्याच्यावर दुसरं लिहिलंय." आणखी एक वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं अप्पांना दिसलं. सरांनी ते चहाबरोबर गिळलं. जाताना नवी डिस्क टेबलावर तशीच विसरल्यासारखी ठेवून गेले.

बातमी गावात गेली. बुधवारी सकाळी पलीकडच्या गल्लीतली रुख्मिणबाई काठी टेकत आली.

"अप्पा, मागल्या सालच्या दसऱ्यानंतरचे समदे फोटू गेले म्हणं?"

"गेले."

"माझा बी?"

"तुमचा बी."

"बघा बरं नीट."

अप्पांनी उठून कॉम्प्युटर लावला आणि तिला दाखवलं. रुख्मिणबाई नाही, कुठेच नाही. म्हातारीनं पडद्याला हात जोडले. "लय बरं झालं," म्हणाली, आणि टेबलावर दोन केळी ठेवून ताठ चालीनं निघून गेली. तिच्यामागं पंडित शिंपी आला. दुपारपर्यंत सात जण खात्री करून गेले, सगळे खुशीत. अप्पांनी प्रत्येकाला नाव घेऊन तो नसल्याचं दाखवून दिलं. दसऱ्याआधीचा एक जण आला होता, तो हळूच म्हणाला, "अप्पा, चुकून माझाही दाबला गेला तर माझी तक्रार न्हाई." अप्पांनी त्यालाही पाणी दिलं.

वैजयंती संध्याकाळच्या गाडीनं आली. तिला फोनवर कळलंच होतं. परमेश्वरानं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून, सोनेरी फ्रेमीत बसवून आणून दिला होता. त्यात नीलम्मा अशी दिसत होती, की तिला कुणीतरी रांगेतून बाहेर काढून उभं केलंय. वैजयंतीनं फ्रेम हातात धरली, लांब धरली, आणि भिंतीशी उलटी टेकवली.

"ही आई न्हाई," ती म्हणाली. थोड्या वेळानं खाली बसली. "तुमी काढला त्यात कशी होती, ते तर सांगा."

अप्पांनी डोळे मिटले. उजेड दारातून येत होता, डाव्या गालावर. मागं सायकल होती, ती बाजूला काढली. पदर सारखा घसरत होता, तो दोनदा नीट करायला लावला. हनुवटी किंचित खाली घे म्हणालो. बॅटरीची एकच रेघ राहिली होती, म्हणून घाई केली. त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं, वजनकाट्यावरच्या माणसासारखं, काही न गाळता.

"ते न्हाई हो अप्पा. तोंड. आई हसली होती का?"

अप्पा डोळे मिटूनच राहिले. त्या दिवशी एक डोळा मिटलेला होता, दुसरा भिंगाला लावलेला. त्या डोळ्यानं ते उजेड कानापर्यंत पोचतोय का एवढंच बघत होते. बाहेर ऊसवाल्या ट्रॅक्टरचा कर्णा वाजून गेला.

"निवांत बघू म्हणलं होतं," अप्पा म्हणाले. "पडद्यावर."

वैजयंती उठली. सकाळी पूजेला स्वामी येणार होते आणि पुरणाची डाळ अजून निवडायची होती.