पान म्हणतं तीन मीटर दहा

"तुझंच पान म्हणतंय तीन मीटर दहा," पापा फोनवर म्हणाले. "मग मी कशाला हलू?"

झुनिल्दाने खिडकीबाहेर पाहिलं. पुएर्तो कारांदाईची नगरपालिका टेकाडावर होती, तिथून पूल दिसायचा. पुलाच्या खांबावर रंगवलेला सहाचा आकडा केव्हाच पाण्याखाली गेला होता. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"पापा, पान चुकतंय. पाणी सहा मीटर अडतीसवर आहे. साडेसहा मीटरला ते बांधावरून उतरणार. लष्कराचा शेवटचा ट्रक चारला सुटतोय, नंतर रस्ताच राहणार नाही. मी सांगतेय ना, निघा!"

"मार्चमध्येही कुणीतरी असंच सांगत होतं. अख्खी खालची वस्ती रिकामी झाली. पाणी आलंच नाही, चोर तेवढे आले. माझी शेगडी गेली, शेजारच्या सिक्स्तोच्या कोंबड्या गेल्या. त्यानंतर दारोदार कोण फिरत होतं? कुणाच्या तोंडचं ऐकू नका, फक्त पान बघा, असं कोण सांगत होतं?"

"मीच."

"मग? मी पानच बघतोय, पोरी." आणि फोन बंद झाला.

झुनिल्दाला वडिलांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. रागावून तरी काय करणार, बोलणं तर तिचंच होतं. बांधाआडून खालच्या वस्तीला नदी दिसत नाही, म्हणूनच तर तिने नगरपालिकेच्या संकेतस्थळावर नदीच्या पातळीचं ते पान काढलं होतं. गावातला रेडिओसुद्धा दर अर्ध्या तासाला त्यावरचाच आकडा वाचून दाखवायचा. तिने रेडिओवाल्यांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "बाई, पान बदला नाहीतर महापौरांच्या सहीचा कागद आणा. मार्चमध्ये तोंडी ऐकून आम्ही शिव्या खाल्ल्यात." महापौर तर राजधानीत होते आणि फोन उचलत नव्हते.

समोर ओस्मार बर्फाचं पाणी गुआंपात, शिंगाच्या पेल्यात, ओतत होता. ओस्मार तिचा सहकारी. गाव बुडत असलं तरी त्याचं तेरेरे, गार पाण्यातला तो पाल्याचा काढा, चुकायचं नाही. त्याने नळीसकट गुआंपा तिच्यापुढे धरला.

"ग्रासियास," ती म्हणाली. तेरेरेच्या फेरीत आभार मानले की माणूस फेरीतून बाहेर. आपल्याला पुरे, हाच त्याचा अर्थ.

"एवढ्यातच?" ओस्मारने भुवया उंचावल्या. बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं तो तिला 'न्या' म्हणायचा. "न्या झुनी, एक घोटही घेतला नाहीत."

"तू सकाळी सर्व्हरला काय केलंस ते सांग आधी."

"मी? दहा वाजता वीज गेली, आली, यंत्र आपलं आपण सुरू झालं. मी बोटसुद्धा लावलं नाही. सगळं माझ्याच माथी मारा!"

"मग कुणी केलं, भुताने?"

ओस्मार फुगून बसला. त्याच्याकडे बघायला तिला वेळ नव्हता. तिने पुलावरच्या मापकाची नोंद उघडली. सहा अडतीस, अगदी बरोबर. ती ज्या फोल्डरमध्ये साठायची तोही उघडून पाहिला, तिथेही सहा अडतीस. पान तेवढं हट्टाने तीन मीटर दहा दाखवत होतं, आणि वर तारीख-वेळ आजची. ती घड्याळातून यायची, म्हणून वाचणाऱ्याला शंका यायचं कारणच नव्हतं.

गावची सगळी पानं त्या एकाच यंत्रावर राहायची. पाणीपुरवठ्याचं, ग्रंथालयाचं, बाजाराचं, नदीचं, बसगाड्यांचं. एका घरात वेगवेगळ्या खोल्या असाव्यात तशी. प्रत्येक पानाची एक सेटिंगची फाइल, आणि सगळ्यांच्या वर एक मुख्य फाइल. हे सगळं तिच्या आधी इथे काम करणाऱ्या डोन एलाडिओंनी मांडलं होतं. निवृत्त होऊन म्हातारा गेला मुलीकडे, पण त्याची शिस्त मागे राहिली. माहितीचं फोल्डर कुठलं, हे मुख्य फाइलमध्ये एकदाच लिहायचं, त्याला 'दातोस' असं नाव द्यायचं. पानांच्या फायलींनी ते नाव नुसतं वापरायचं. कुठल्याही पानाने ते स्वतः ठरवायचं नाही. का नाही, हे म्हाताऱ्याने कुणाला सांगितलं नव्हतं. झुनिल्दा त्याला मनातल्या मनात तऱ्हेवाईक म्हणायची.

तिने नदीची फाइल उघडली. तिच्यात दातोस. मुख्य फाइल उघडली. दातोस म्हणजे खरं फोल्डर. दोन्हीकडे सगळं जिथल्या तिथे होतं. चूक दिसली असती तर ती पुसता आली असती. दिसतच नाही तिला हात कुठून घालायचा?

तीन वाजले. खाली रेडिओ लागला होता. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "नदीची पातळी तीन मीटर दहा, काळजीचं कारण नाही." झुनिल्दाने टेबलावर मूठ आपटली.

तेवढ्यात कोपऱ्यावर औषधी पाला विकणारी न्या ब्लासिया धापा टाकत जिना चढून आली. "कुठाय ती कॉम्प्युटरवाली? बाई, बसचं पान बघून मी तासभर उभी आहे! ऑक्टोबर महिन्यात पवित्र सप्ताहाचं वेळापत्रक लावलंय. थट्टा लावली का गरिबाची?"

"न्या ब्लासिया, आत्ता नको हो," ओस्मार म्हणाला.

"थांब." झुनिल्दा उठून उभी राहिली. "पवित्र सप्ताहाचं? म्हणजे एप्रिलचं?"

गेल्या वर्षी पुराचा सराव झाला होता तो नेमका ईस्टरच्या त्या पवित्र सप्ताहाच्या आधी. त्या दिवशी सगळ्या माहितीची एक नक्कल काढून ठेवली होती. त्या दिवशी नदी किती होती?

"ओस्मार, एकेक पान उघड. पाणीपुरवठा?"

"आजचं आहे."

"ग्रंथालय?"

"आजचंच."

"बाजार?"

ओस्मारने भाव दोनदा वाचले. "हे जुनं आहे. नदी जुनी. बस जुनी." मग तो हळूच म्हणाला, "न्या झुनी, पाणी आणि ग्रंथालय, म्हणजे आगुआ, बिब्लिओतेका, ही पहिली दोन चांगली. बाजार, नदी, बस, म्हणजे मेर्कादो, रिओ, त्रान्स्पोर्ते, ही शेवटची तीन बिघडलेली. यंत्र फायली ए-बी-सी या क्रमाने वाचतं ना? मग बी आणि एमच्या मध्ये कोण आहे?"

मध्ये एकच फाइल होती. एन्सायो, म्हणजे सराव. ती झुनिल्दाने स्वतःच्या हाताने गुरुवारी लिहिली होती.

नवा सराव पुढच्या महिन्यात घ्यायचा होता. तोवर सरावाच्या पानाने जुनी नक्कल दाखवावी म्हणून तिने त्याच्या फाइलमध्ये, त्याच्याच चौकटीच्या आत, एक ओळ घातली होती. दातोस म्हणजे नकलेचं फोल्डर. चौकटीच्या आत आहे, तर आतच राहील, असं ती धरून चालली होती. पण यंत्राला त्या नावापुरत्या भिंतीच नव्हत्या. सरावाच्या खोलीत दातोसचा अर्थ बदलला, तो पुढच्या प्रत्येक खोलीत बदललेलाच राहिला. आधी वाचून झालेली दोन पानं तेवढी बचावली. आणि सेटिंग यंत्र वाचतं फक्त सुरू होताना. म्हणून गुरुवारची चूक आज वीज जाऊन आल्यावर जागी झाली. म्हातारा तऱ्हेवाईक नव्हता. तिनेच त्याला कधी विचारलं नव्हतं.

तीन वाजून अठरा. तिने ती ओळ काढली. सरावाच्या पानाला फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहून दिला, दातोसला हात लावला नाही. घाईत पत्ता दोनदा चुकला. ओस्मारने मागे उभं राहून अक्षर अन् अक्षर मोठ्याने वाचलं, मग तिने यंत्राला फायली पुन्हा वाचायला लावल्या.

पान उघडलं. सहा मीटर चव्वेचाळीस.

"जमलं!" ओस्मार ओरडला आणि रेडिओला फोन लावायला धावला.

झुनिल्दाने पापांना फोन केला. लागला नाही. पुन्हा केला. लागला नाही. खालच्या वस्तीतला मोबाइलचा मनोरा बंद पडला होता. पान खरं बोलायला लागलं, ते पापांपर्यंत पोचलं की नाही, हे कळायला काहीच मार्ग उरला नाही.

तिने ओस्मारकडे पाहिलं. "मघाशी तुझ्यावर उगाच घसरले. चूक माझी होती."

"सोडा हो."

"सोडायचं नाही." ती पुन्हा खुर्चीत बसली आणि नदीच्या आकड्याखाली लिहू लागली.

ओस्मारने वाचलं आणि तिचा हात धरला. "वेड लागलं का? उद्या लोक पानावर थुंकतील. वीज गेली म्हणा ना! खोटंही नाही ते."

तिने हात सोडवला आणि ओळ पानावर चढवली.

सव्वाचारला शेवटचा ट्रक शाळेच्या क्रीडागृहासमोर येऊन थांबला. गाद्या, कुत्री, रडणारी पोरं, देवाच्या तसबिरी उतरल्या. पापांची नवी शेगडी उतरली. पापा उतरले नाहीत.

"डोन फुलहेन्सिओ?" तिने पापांचं विचारल्यावर ट्रकवरचा सैनिक म्हणाला. "रेडिओवर सहा चव्वेचाळीस ऐकलं तसे धावत आले. शेगडी वर चढवली आणि परत फिरले. म्हणाले, दुपारी शेजाऱ्याला मीच सांगितलं तीन मीटर दहा, तो बिचारा नदीतल्या बेटावर गाई बघायला गेलाय. मीच आणतो त्याला."

झुनिल्दा त्या शेगडीशेजारी खाली बसली. आई गेल्यापासून पापांशिवाय तिचं कुणी नव्हतं. हातातल्या फोनवर पान होतं. सहा बावन्न. सहा पंचावन्न. आता ते एकदम बरोबर होतं, आणि तिला तो फोनच फोडून टाकावासा वाटत होता.

पावणेसहाला दारात गलका झाला. मासेमारांची होडी शाळेखालच्या उताराला लागली होती. सिक्स्तो पोटापर्यंत भिजलेला. त्याच्यामागे पापा, अनवाणी, चिखलाने माखलेले.

ती धावत त्यांच्यापर्यंत गेली. पापांनी तिच्याकडे पाहिलं, सिक्स्तोला कांबळं दिलं, मग शेगडीवर बसून खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. इथे रेंज होती. वाचायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा. ते शाळकरी मुलासारखं मोठ्याने वाचू लागले, तसे आसपासचे लोक वळून ऐकू लागले.

"आज सकाळी दहापासून दुपारी तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत या पानावर चुकीची पातळी दिसत होती. चूक यंत्राची नाही. चूक झुनिल्दा आयाला हिची."

क्रीडागृहात कुणीतरी शिवी हासडली. कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "माझी गाय राहिली तिकडे, तिची भरपाई ही देणार का?" झुनिल्दाने मान खाली घातली नाही. घालावीशी फार वाटत होती.

"मी गेलो असतो आज," सिक्स्तो म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"गेला असतास," पापा म्हणाले. "माझ्या सांगण्याने."

कुणीतरी तेरेरे काढलं होतं. पापांनी गुआंपा भरला. पहिला सिक्स्तोला दिला, दुसरा स्वतः घेतला. तिसरा भरून त्यांनी हात लांब करून झुनिल्दापुढे धरला आणि तसाच धरून ठेवला. सगळे बघत होते.

तिने तो घेतला, नळी ओढत तळापर्यंत प्यायली, आणि आभार न मानता परत दिला.